नवरदेवांची भजी

"राही, येत्या पौर्णिमेला या वेलाचा भोपळा माझ्या ताटात पडला नाही, तर तुझं खोपटं रिकामं!" उदंडराजे गरजले.

राही माळीण मनात म्हणाली, घ्या! वेलाचं वाटोळं केलं यांनी, आणि घर जाणार माझं!

झालं होतं असं. महाराज एकदा बागेत फिरायला आले. भोपळ्याच्या काही फुलांच्या बुडाशी इवलासा बाळभोपळा होता, बाकीची फुलं नुसत्याच लांब देठावर. झालं, महाराजांना शहाणपण सुचलं!

"ही देठावरची फुलं फुकटखाऊ! रोज पहाटे तोडा आणि भजी तळा!"

"सरकार, तीही लागतात हो..."

"गप! राजा कोण, तू की मी?"

प्रधानजींनी मान डोलावली. त्यांना तेवढंच काम होतं. तेव्हापासून महाराज रोज भजी हाणत होते आणि वेलावरचे बाळभोपळे पिवळे पडून गळत होते.

राहीला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मात्र तिनं वाड्यावर निरोप धाडला, "बागेत लग्न आहे. सरकारांनी अक्षता टाकायला यावं."

महाराज फेटा बांधून हजर! वेलाखाली राहीच्या दोन जावा अंतरपाट धरून उभ्या. एका बाजूला बाळभोपळ्यासकट उमललेलं फूल, त्याला हळदकुंकू लावलेलं.

"शुभमंगल सावधान!" राही ओरडली. महाराजांनी अक्षता टाकल्या, अंतरपाट दूर झाला. पलीकडे नुसताच पाट!

"अगं, नवरदेव कुठाय?"

"कशाला हवा, सरकार?"

"कशाला म्हणजे? नवरदेवाशिवाय लग्न कसं लागेल? पाळणा कसा हलेल?"

"अगंबाई! मग नवरदेवाशिवाय भोपळा कसा धरेल? देठावरच्या फुलातली पिवळी भुकटी भुंग्यानं हिच्या फुलात आणली, तरच हिची कूस भरते!"

"मग आण की त्या नवरदेवांना! गेले कुठं मेले?"

राहीनं पदर सावरला, हात जोडले.

"सरकारांच्या पोटात! कालच बेसन लावून, तेलात न्हाऊन, वाजतगाजत गेले!"

प्रधानजींची डोलणारी मान जागीच थांबली. महाराजांनी पोटावर हात ठेवला, आणि असे हसले, असे हसले की फेटा सुटून गळ्यात आला!

खोपटं आणि भोवतालची बाग राहीच्या नावावर झाली.

"आणि प्रधानजी," महाराज डोळे पुसत म्हणाले, "उद्यापासून भजी कांद्याची!"

प्रधानजींनी मान डोलावली.