नागूशेटच्या जात्याचा तीन शेर दगड

गोजराच्या जात्याची वरची तळी दळता दळता तडकली, आणि तीही ऐन लग्नसराईत. सात घरांचं दळण कोपऱ्यात पडून. खोली भाड्याची, जातं घरमालकाचं, आणि गोजराचं पोट त्या जात्यावर. घरात आंधळी सासू. जातं थांबलं की चूल थांबली, इतका सरळ मामला.

घरमालक म्हणजे मोरगव्हाणचा नागूशेट. सबंध आळी त्याची, पण आळीत एक कौल धड नव्हता. दाराची कडी तुटली असं कुणी सांगितलं, तर हा म्हणायचा, तुमच्या घरात चोरण्यासारखं आहे काय? भिंत खचली तर म्हणायचा, टेकून बसत जाऊ नका. भाडं मात्र दुहेरी घ्यायचा. गोजराकडून महिन्याचं भाडं, आणि वर स्वतःच्या घरचं सगळं दळण फुकट.

गोजरा सांगायला गेली तेव्हा शेट पानाला चुना लावत बसला होता. तो म्हणाला, नवं जातं मिळेल की, का नाही मिळणार? पण बोली आठव. चार माणसांदेखत कबूल केलं होतंस, की जातं मोडलं तर जुनं वजनानं पुरतं भरून द्यायचं आणि मगच नवं न्यायचं. नऊ वर्षांमागं तळी वीस शेर भरली होती.

तळीचे दोन्ही तुकडे ताजव्यात घातले. भरले सतरा शेर.

"तीन शेर दगड कुठाय?" शेट म्हणाला. "तो आण आणि नवं जातं घेऊन जा. नाहीतर आठ दिवसांत खोली रिकामी कर."

झिजलेला दगड कुणी परत आणलाय? पण शेटला स्वतःची ही अक्कल इतकी आवडली, की आळीभर सांगत हिंडला आणि प्रत्येक दारात आपणच हसला. दुसरं कुणी हसलं नाही, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

गोजरा राजेसाहेबांकडे गेली. राजेसाहेब न्यायाचे खरे, पण हट्टाचेही तितकेच. त्यांनी एवढंच विचारलं, बोली कबूल होती का? गोजरा खोटं कशाला बोलेल? होती म्हणाली.

"मग उद्या दुपारपर्यंत तीन शेर दगड हजर कर," राजेसाहेब म्हणाले. "त्याच जात्याचा पाहिजे. ओढ्यातला उचलून आणलेला चालणार नाही."

आळीत ज्याला त्याला सल्ला सुचला. एक म्हणाली, फटीत शिसं ओत. दुसरी म्हणाली, शेटच्या पाया पड. सासू तर भांडी चाचपून गाठोड्यात बांधायला लागली. गोजरानं तिच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"राहू द्या आत्याबाई. दगड कुठाय ते मला ठाऊक आहे. मागायची तेवढी लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी नागूशेट गड्याच्या डोक्यावर ताजवा देऊन ऐटीत कचेरीत आला. गोजरा आली ती रिकाम्या हातांनी. राजेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"दगड कुठाय, बाई?"

"कचेरीत आलाय, महाराज. दाखवते. आधी शेटजींना चार गोष्टी विचारू द्या."

आता जात्याची तऱ्हा अशी, की दळून दळून तळी गुळगुळीत होते. मग पाथरवट येतो आणि छिन्नीनं टाकी लावून तिला पुन्हा खरखरीत करतो. टाकी लावल्यावर आधी दोन मुठी कोंडा दळून फेकून देतात, म्हणजे दगडाची भुकटी निघून जाते. शेंबड्या पोरालाही कळतं, पण शेटला कोण सांगणार!

"शेटजी, टाकी लावली की पहिलं दळण कुणाचं?"

"माझं. जातं माझं, मग पहिला मान काय तुझ्या सासूचा? ताज्या टाकीवर पीठ कसं बारीक पडतं!"

"मी कोंडा दळून टाकते म्हटलं, तेव्हा काय म्हणालात?"

"कोंड्यापायी माझं जातं झिजवायचं? बजावलं होतं हिला, महाराज. पहिली मूठ माझ्या गव्हाची, चाळायचं नाही, कणभर टाकायचं नाही, खालचं झाडून घ्यायचं आणि सगळं घरी पोचवायचं."

"पोचलं?"

"न पोचून सांगतेस कुणाला! मी स्वतः तोलून घेत होतो."

"मग ते खाल्लं कुणी?"

"कुणी म्हणजे? मी खाल्लं! गुरांना घालतोय होय?"

कारकुनानं उपरण्यात तोंड लपवलं. दारावरचा शिपाई भिंतीकडे वळून खोकायला लागला. एकट्या शेटची छाती अजून पुढेच होती.

गोजरानं पदर सारखा केला.

"ऐकलंत ना, महाराज? नऊ वर्षांत सत्तावीस वेळा टाकी लागली. सत्तावीस वेळा दगड पिठात उतरला, आणि शेटजींनी तोलून, मोजून, वर तूप घालून खाल्ला. तीन शेर पुरता हजर आहे, आपल्या पायांनी चालत आलाय. तो बघा, त्या उपरण्याखाली बसलाय. आता काढून घ्यायला मला ताजवा नको, महाराज. सरकारी वैद्य तेवढा द्या."

शेटचा हात आपोआप पोटावर गेला, आणि मग राजेसाहेबांना आवरेना. हसता हसता फेटा कानावर आला, डोळ्यांना पाणी आलं.

"काय शेट? जुना दगड तुला कधीच पोचलाय. नवं जातं देतोस, का बोलावू वैद्याला?"

"देतो, महाराज, देतो," शेट पोट सावरत म्हणाला.

"आजच दे. आणि तळी गड्याच्या डोक्यावर द्यायची नाही. तू उचल."

राजेसाहेबांनी गोजराला लुगडं-चोळी दिली आणि राजवाड्याचं दळण लावून दिलं, तेही रोख मजुरीवर. नागूशेट मात्र त्या दिवशी भर बाजारातून डोक्यावर वीस शेर दगड घेऊन घामाघूम होत चालला होता, आणि दारादारातल्या बायका त्याला थांबवून विचारत होत्या, शेटजी, हाही जेवणाचाच का?