बारवेचं पाणी

"...म्हणजे माझ्या नव्या मागांना तुम्ही आशीर्वादाचा हात लावणार नाही, बुवा?"

कैलासगीर गोसावींनी धुनीत एक लाकूड सारलं.

मल्लाप्पा हा चिंचखेडच्या कोष्ट्यांचा पुढारी. गाव वर काढायचं म्हणून त्याने वीस नवे माग आणले होते. आशीर्वाद घ्यायला तो टेकडीवरच्या मठात आला होता. भेट म्हणून स्वतः विणलेलं घट्ट, तलम धोतर आणलं होतं.

"जुने माग किती?" बुवांनी विचारलं.

"चाळीस."

"चालू किती?"

मल्लाप्पा घुटमळला. "पंधरा... बाकीच्यांच्या पायांतून नारूचा किडा निघालाय. महिनोन्‌महिने पाय टेकवत नाही. माझा सख्खा भाऊ पडून आहे."

"पाणी कुठलं पिता?"

"बारवेचं. पिढ्यान्‌पिढ्या."

बुवा धोतर घेऊन उठले आणि टेकडी उतरू लागले. मल्लाप्पा मागोमाग.

बारवेच्या खालच्या पायरीवर एक म्हातारी नारूचा पाय पाण्यात सोडून बसली होती. शेजारीच एक बाई घागर भरत होती.

बुवांनी धोतर टर्रकन फाडलं. तुकडा दुहेरी करून घागरीच्या तोंडाला बांधला.

मल्लाप्पाचा चेहरा उतरला. "बुवा, ते नेसायला दिलं होतं!"

"गावाला नेसवलं."

बुवा म्हणाले, "पायातला नारू पाण्यात पिल्लं सोडतो, तीच पाण्यातून पोटात जातात. दुखरा पाय पाण्यात नको. गाळल्याशिवाय घोट नको. एवढं सांभाळ, मग ये."

मल्लाप्पा रागातच घरी गेला. भाऊ मागावर बसायची धडपड करत होता. पायाने दाबायच्या पावडीवर पाय ठेवला आणि कळवळून खाली कोसळला.

दुसऱ्या दिवशी मल्लाप्पा कापडाचे तुकडे घेऊन दारोदार हिंडला. नवे माग तसेच बांधलेले राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात नारू तिघांनाच झाला. चाळीसही माग खडखडू लागले. वाढलेल्या कमाईतून गावाने बारवेच्या पायऱ्या बुजवल्या, वर रहाट बसवला. त्याच्या पुढच्या साली एकालाही नारू नाही. नव्या मागांवरही माणसं बसली.

तेव्हा मल्लाप्पा पुन्हा मठात आला. हसत होता, पण डोक्यात भुंगा होता.

"बुवा, घरात वाद पेटलाय. भाऊ म्हणतो, नारू हटला म्हणून माग चालले. मी म्हणतो, माग चालले म्हणून रहाट आला, आणि रहाट आला म्हणून नारू गेला. खरं कुणाचं? आधी काय?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. तो अजून धापा टाकत होता.

"टेकडी चढून आलास ना?... पायांनी आलास, की वाटेने?"