कोळंबदांड्याच्या चॅपलला दार का नाही

कोळंबदांड्याच्या खाडीकाठी एक लहानसे चॅपल आहे. त्याला दगडी चौकट आहे, दार मात्र नाही. यामागच्या कथेचे तीन पाठ आढळतात. मिठागरातील लोकांच्या पाठात चिखलात रुतलेला लुटारू आणि त्याला काढायला गेलेली स्त्री, दोघेही बुडतात. पलीकडच्या काठावर लुटारूच्या जागी वाट चुकलेला खलाशी येतो आणि कथेतले रक्तच धुतले जाते. तिसरा पाठ दांड्यावरील वृद्ध इनासबाबांच्या तोंडचा. तो सर्वांत कठोर आहे, म्हणूनच बहुधा सर्वांत जुना असावा.

असे सांगतात की, लुटारूंचा मचवा भरतीबरोबर खाडीत शिरला. होड्या आणि चिखलावरून सरकायच्या फळ्या त्यांनी आधी पेटवल्या, मग काही घरे. कात्रीनच्या घराचे दार एकाने कुऱ्हाडीने उखडले आणि ते आतून रेटून धरलेल्या तिच्या नवऱ्याला, पेदरूला, उंबऱ्यावरच तोडले. कात्रीन चुलीमागे होती. तिने त्या माणसाचा चेहरा पाहिला.

लुटीच्या नादात त्यांना ओहोटीचे भान राहिले नाही. मचवा कसाबसा निघाला. मागे राहिलेला एक जण त्याच्यामागे धावला आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला. उरलेले गाव काठावर जमले व त्याला दगडांनी मारू लागले. डोके मात्र टाळत होते. त्याने भरती डोळ्यांनी पाहावी, अशी त्यांची इच्छा होती म्हणे.

शवपेटीला फळी उरली नव्हती, म्हणून कात्रीनने पेदरूला त्या उखडलेल्या दारावरच निजवले होते. गलका ऐकून ती काठावर आली, रुतलेल्याला ओळखून घरात परतली. कोयता आणायला गेली, असे सर्वांना वाटले. तिचा दीर बस्त्याव मागोमाग गेला. तिने प्रेत चटईवर उतरवले होते आणि ती दार ओढत होती.

“वयनी, भावाला जमिनीवर टाकलंस?”

“पेदरूला आता थांबता येतं. भरती थांबायची नाही.”

“तोच आहे तो. डोळे गेले काय तुझे?”

“तोच आहे. मीच पाहिला ना त्याला? काल संध्याकाळी प्रार्थनेत ‘आमच्या बापा’ म्हटलंस, ते क्षमेपाशी आल्यावर गिळलंस काय? दोर धर.”

कमरेला दोर बांधून, दारावर पालथी पडून ती चिखलात सरकली. ती मारायलाच येते आहे असे वाटून त्याने कुऱ्हाड फिरवली. कात्रीनच्या डाव्या हाताची बोटे चिखलात पडली.

“कुऱ्हाड टाक,” ती म्हणाली. “तिच्या वजनानं अजून बुडतोयस.”

तिने उजवा हात पुढे केला. पाणी त्याच्या छातीला लागले होते. त्याने कुऱ्हाड टाकली.

काठावर ओढताच बस्त्यावने त्याच्या मानेवर पाय दिला आणि कोयता उगारला. कात्रीनने आपला रक्ताळलेला हात त्या मानेवर ठेवला.

“दाराला अजून एक काम आहे,” ती म्हणाली. “आणि उचलायला आपली माणसं कमी उरलीत.”

बस्त्यावचा कोयता बराच वेळ वरच राहिला, असे इनासबाबा सांगतात. मग त्याने पाय काढला.

दार धुऊन पेदरूला पुन्हा त्यावर निजवले. तीन कोपरे गावातल्यांनी उचलले, चौथा त्या माणसाने. आजही दांड्यावर कोणी वारले की पेटीचा चौथा कोपरा परक्या माणसाच्या खांद्यावर देतात. परका न मिळाल्यास पलीकडच्या काठावरून बोलावून आणतात. कबरस्तानाची वाट चढाची आहे. दगडांनी फुटलेला तो माणूस त्या दिवशी चढावर लटपटला, तेव्हा मागून बस्त्यावने त्याच्या कोपऱ्याला हात दिला. दार पेदरूबरोबर मातीत गेले. कात्रीनने घराला दुसरे केले नाही. त्याच घराचे पुढे चॅपल झाले.