बाईंच्या अटीचा कागद

"मग बाई, जिंकलो की नाही आपण?"

श्रीरंगने कंपनीचं उत्तर वाचून दाखवलं आणि कागद टेबलावर आपटला.

प्रमिलाबाई जन्मांध. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांनी मिरजेच्या याच खोलीत खपून लिहिला आणि जगाला खुला करून दिला. कॉपीराइट बाईंचा, अट एकच: वापरा, बदला, विका, पण पुढे द्याल तेव्हा आतला कोडही द्या. एवढं मोठं मन मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

एका कंपनीने तो प्रोग्राम वाचनयंत्रात घालून अंधांना विकला आणि कोड कुलपात ठेवला. बाईंच्या वतीने नोटीस धाडली ती श्रीरंगने. तो बाईंचा सर्वांत हुशार शिष्य, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"नाक घासत आलेत, बाई! पुढच्या अपडेटला तुमचा प्रोग्राम सगळ्या यंत्रांतून काढून टाकणार. चांगली अद्दल घडली."

"मी कोड मागायला सांगितलं होतं."

"मागितला की. कोड द्या, नाहीतर प्रोग्राम काढा, असं लिहिलं. त्यांनी काढायचं कबूल केलं."



शेजारच्या गणपुले मास्तरांचं यंत्र टेबलावरच होतं. मास्तरांचे डोळे गेल्यापासून तेच त्यांना पेपर वाचून दाखवी. 'कऱ्हाड' आलं की अडखळे, म्हणून त्यांनी ते बाईंकडे आणून दिलं होतं. पण कोड कुलपात. ज्यांनी लिहिला त्यांनाही हात लावता येईना.

बाईंनी यंत्र सुरू केलं. ते बातम्या वाचू लागलं. कऱ्हाडपाशी अडखळलं, सावरलं, पुढे गेलं...

बाईंनी बटण दाबलं.

खोली गप्प झाली. 

मग त्यांनी ते मुकं यंत्र श्रीरंगच्या हातात दिलं.

"मास्तरांना नेऊन दे. सांग, आपण जिंकलो."

श्रीरंग जागचा हलला नाही. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"चुकलं माझं, बाई," तो हळूच म्हणाला. "नोटीस मागे घेतो. सोडून देऊ त्यांना."

"सोडायचं?" बाई ताडकन उठल्या. "मुळीच नाही. कोर्टाची पायरी चढावी लागली तर मी चढेन."

"हाकलायचंही नाही, सोडायचंही नाही... मग चोराचं करायचं तरी काय?"

बाई पहिल्यांदाच हसल्या.

"पंगत बसलीय, श्रीरंगा. त्याला वाढायला उभा कर."