कोल्होबाचा चहा आणि पोपटाची साक्ष

जंगलातल्या एका नदीच्या उताराजवळ एक कोल्हा राहत असे. कोल्हा म्हटला की तो लबाडच असणार, असे तुम्हांला लगेच वाटले असेल. पण मुलांनो, हा कोल्हा लबाड नव्हता, तो फक्त सदा कामात असे. त्याची चहाची टपरी होती आणि त्याच्या चहात चहाची पत्ती नावालाही नसे. नदीपलीकडच्या डोंगरावर अनंतमुळाचे वेल होते. हा वेल नाजूक, पानाच्या मधोमध पांढरी रेघ असलेला. त्याचे मूळ उकळत्या पाण्यात पडले की असा गोड वास सुटे, की वाटेने जाणाऱ्याची पावले आपोआप टपरीकडे वळत. अनंतमूळ, गवती चहाची दोन पाती आणि थोडा मध, एवढाच मसाला. उन्हातून आलेल्याला हा चहा पिऊन गार वाटे आणि थंडीतून आलेल्याला ऊब येई. एकाच चहाने दोन्ही कसे होते, असे कुणी विचारले, तर कोल्हा नुसता हसे आणि आणखी एक द्रोण भरून देई. गिऱ्हाइके त्याच्या बदल्यात मध, बोरे, पेरू असे काहीबाही घेऊन येत.

टपरीवर एका जांभळीने सावली धरली होती आणि त्या जांभळीवर एक पोपट राहत असे. पहिल्या वर्षी कोल्हा स्वतः डोंगरावर जाऊन मुळे आणी, तेव्हा पोपट सोबतीला जाई. कोल्ह्याची खणायची रीत चांगली होती. एका वेलाचे मूळ काढायचे, तेही अर्धेच, वर माती लोटायची आणि पुढचे दोन वेल तसेच राखायचे. पोपटाने हे आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि खाली येऊन गिऱ्हाइकांना सांगितले, “एक खणला, दोन राखले.”

गिऱ्हाइकांना हे फार आवडले. चहा जिभेला गोड लागत होताच, आता तो मनालाही गोड लागू लागला. कोल्ह्याने खूश होऊन पोपटाला एक पिकलेला पेरू दिला आणि हेच वाक्य रोज म्हणायला सांगितले. पोपटाला एखादी गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

टपरीचे नाव झाले. लांबलांबचे प्राणी येऊ लागले. कोल्ह्याला चुलीपासून हलायला फुरसत मिळेना, म्हणून त्याने मुळे आणायला एक रानडुक्कर ठेवले. टोपली भरून आणली की एक मोठे रताळे, असे ठरले. डुकरदादा कामाला वाघ होता. त्याने एकदा नाक जमिनीला लावले की सकाळची टोपली न्याहारीच्या आधी भरे. इकडे पोपटालाही टपरीवरून हलता येईना. गिऱ्हाइके सारखी येत होती आणि प्रत्येकाला ते वाक्य ऐकायचे होते. बोलून बोलून त्याला पेरू मिळत आणि पेरू खाऊन खाऊन तो गुटगुटीत झाला. कोल्हा वर जाईना, पोपटही जाईना, पण वाक्य मात्र पूर्वीचेच राहिले.

रोजच्या गिऱ्हाइकांत एक कासवआजी होती. ती नदीतून वर येई, दगडाशी टेकून बसे आणि पोपटाचे बोलणे ऐकल्याशिवाय द्रोणाला तोंड लावत नसे. थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. आजीने नेहमीप्रमाणे वर पाहिले आणि विचारले, “पोपटराव, त्या काळ्या कातळाच्या कपारीत एक वेल आहे बघ. लहानपणी मी त्याच्या सावलीला बसायची. फुलला होता का रे यंदा?”

“एक खणला, दोन राखले,” पोपट म्हणाला.

“ते ऐकलं. मी वेल फुलला का ते विचारते.”

पोपटाने पुन्हा चोच उघडली, तर आत तेच वाक्य तयार. त्याने ते गिळून टाकले. आजीला संशय आला होता अशातला भाग नाही. तिला खरोखरच त्या वेलाची खबर हवी होती. पाय थकल्यापासून तिला डोंगर चढता येत नव्हता आणि पोपटाला पंख आहेत म्हणजे तो रोज वर जात असणार, असे ती धरून चालली होती. “माझे डोळे म्हणजे तूच,” असे ती सहज बोलून गेली. पोपटाला ते फार लागले. उद्या नक्की सांगतो, असे म्हणून तो उडाला.

पेरूंमुळे अंग जड झाले होते. दोन ठिकाणी दम खात तो डोंगरावर पोचला आणि पाहतो तर काय, उतारभर खड्डेच खड्डे. उपटलेले वेल इकडेतिकडे वाळत पडले होते आणि त्यांची पांढऱ्या रेघेची पाने आत वळून गेली होती. एका खड्ड्यातून डुकरदादाची शेपटी तेवढी दिसत होती. पोपटाची चाहूल लागताच त्याने डोके वर काढले. त्याचे नाक खरचटून लालभडक झाले होते. त्याने आपणहून गाऱ्हाणे सांगायला सुरुवात केली. पूर्वी पायथ्याशीच टोपली भरायची, आता कातळापर्यंत यावे लागते, दगडांवर नाक घासते, आणि रताळे मात्र तेवढेच.

पोपटाने त्याला विचारले, की एक खणून दोन राखायचे होते ना?

“मला टोपली भरायला सांगितली,” डुकरदादा म्हणाला. “मागं काय ठेवायचं ते कुणी सांगितलंच नाही.”

तो हे बिलकूल कपटाने बोलला नाही. त्याला खरोखरच कुणी सांगितले नव्हते. पोपट काळ्या कातळापाशी गेला. कपार अरुंद होती, डुकराचे नाक आत शिरत नव्हते. तेवढ्यामुळे आजीचा वेल वाचला होता आणि त्याला लांब बारीक शेंगांच्या जोड्या लटकत होत्या. सबंध डोंगरावर अनंतमुळाचा तो एकच वेल उरला होता.

परत येताना पोपट जरा हळूच उडाला. खरे सांगितले तर टपरी बसणार, कोल्होबा रागावणार आणि पेरू बंद होणार. न सांगावे, तर आजी उद्या पुन्हा त्याच्याकडे बघणार. पेरू त्याला फार आवडत, हे काही खोटे नाही. जांभळीवर बसून त्याने बराच विचार केला आणि शेवटी एक युक्ती काढली. काही बोलायचेच नाही. गप्प बसले की खोटेही बोलावे लागत नाही आणि खरेही.

दुसऱ्या दिवशी टपरीवर ही गर्दी. कोल्ह्याने पोपटाला खूण केली. पोपट गप्प. कोल्ह्याने मोठा पेरू पुढे केला. पोपटाने मान फिरवली. पोपट पेरूला नाही म्हणतो हे पाहून सगळे घाबरले. ससा म्हणाला की याचा घसा बसला असावा. वानराला ते पटले आणि त्याने पोपटाला धरून त्याच्या चोचीत थोडा अनंतमुळाचा चहाच ओतला. बिचाऱ्या पोपटाला त्या दिवशी पहिल्यांदा तो चहा कडू लागला.

तेवढ्यात कासवआजी नदीतून वर आली. तिने द्रोण हातात घेतला आणि वर पाहिले. “फुलला होता का रे वेल?”

पोपटाची युक्ती तिथेच संपली.

“फुलून गेला, आजी,” तो म्हणाला. “आता शेंगा धरल्यात. पण तो एकटाच उरलाय. बाकी सगळीकडे खड्डे आहेत. मी वर्षभर न बघताच बोलत होतो.”

हे ऐकून कोल्हा भडकला. पोपट म्हणजे शेवटी पोपट, याच्या पोपटपंचीवर कुणी विश्वास ठेवू नका, असे तो सगळ्यांना सांगू लागला. कालपर्यंत याच पोपटपंचीवर त्याची टपरी चालली होती हे तो रागाच्या भरात विसरला. आजीने वाद घातला नाही. तिने फक्त हातातला भरलेला द्रोण कोल्ह्याला परत दिला आणि ती म्हणाली की आपण वर जाऊन बघू या.

पण आजी वर जाणार कशी? तेवढ्यात डुकरदादा टोपली घेऊन खाली आला. ती टोपलीही अर्धीच होती. आजीला पाठीवर घ्यायला तो आनंदाने तयार झाला. पुढे डुकरदादा, त्याच्या पाठीवर आजी, मागे ससा, वानर, इतर गिऱ्हाइके, आणि सगळ्यांत शेवटी पळी हातात धरलेला कोल्हा, अशी ती वरात डोंगराला लागली. डोंगरावर पोचताच कोल्हा तरातरा पुढे झाला. कुठे आहेत खड्डे, दाखवा मला, असे म्हणत त्याने पाय टाकला आणि तो गळ्यापर्यंत एका खड्ड्यात गेला. खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो, ही म्हण खरी करायला मुद्दाम कुणी खड्ड्यात पडत नाही, पण कोल्होबांनी तीही हौस भागवली.

खड्ड्यातूनच त्याने चहूकडे पाहिले. जिकडे तिकडे वाळके वेल होते. हळूहळू त्याचा राग ओसरला आणि कान खाली पडले. आणखी चार दिवसांनी मडक्यात टाकायला एकही मूळ मिळणार नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळले.

“मी चहा उकळत होतो,” तो म्हणाला. “मला वाटलं, पोपट बघतोय.”

पोपट म्हणाला, “मला वाटलं, डुकरदादा राखतोय.”

डुकरदादाने खरचटलेले नाक पुसले. ससा आणि वानर एकमेकांकडे बघू लागले. ते तर नुसते वाक्य ऐकून चहा पीत होते.

आजी कपारीतल्या वेलाशी बसली होती. तिने मागे वळून विचारले, “मग वेलाकडं बघत होतं कोण?”

खरे सांगायचे तर मीही तिथे असतो तर द्रोण पुढे करून रांगेतच उभा राहिलो असतो.

पण मुलांनो, खड्ड्यात पडलेला कोल्हा झाला तरी तो कोल्हाच. त्याचे डोके चालू लागले. एवढे खड्डे आयते खणलेले आहेत आणि वेलाला शेंगा आहेत, मग अडले कुठे? त्याने तिथेच डुकरदादाशी नवा करार केला. आता टोपलीमागे रताळे नाही, बी टाकून बुजवलेल्या खड्ड्यांसाठी रताळे. डुकरदादाला हे एकदम पसंत पडले, कारण माती लोटायला नाक खरचटत नाही. शेंगा वाळून तडकल्या तेव्हा आतून बियांच्या रेशमी पांढऱ्या म्हाताऱ्या उडू लागल्या. वानराने आणि सशाने त्या पळत पळत पकडल्या आणि खड्ड्याखड्ड्यांत ठेवल्या. त्या दिवशी डोंगरावर जो धुडगूस झाला, तो पाहून आजी कवचात तोंड लपवून हसत होती.

पुढचे दिवस टपरीला सोपे गेले नाहीत. अनंतमूळ बंद झाले. नुसता गवती चहा मिळू लागला. त्याची पाती वरून कापली तरी बुंधा राहतो आणि पुन्हा फुटतो. काही गिऱ्हाइके तोंड वाकडे करून निघून गेली. पेरूही कमी झाले आणि पोपट पुन्हा सडपातळ झाला. कोल्हा कधी कधी कुरकुरे, पण चूल त्याने विझू दिली नाही.

पावसाळा येऊन गेला. बुजवलेल्या खड्ड्यांतून पांढऱ्या रेघेची पाने वर आली. तरी आजीने आणखी एक पावसाळा थांबायला लावले. मग अनंतमुळाचा चहा पुन्हा सुरू झाला, पण दिवसाला एकच मडके. ते संपले की संपले. आता पोपट रोज सकाळी आधी डोंगरावर जाई आणि मगच बोले. त्याचे वाक्य रोज वेगळे असे. कधी तो सांगे की उतारावर नवी पाने फुटली आहेत. कधी सांगे की डुकरदादाने काल एक वेल चुकून पुरा उपटला आणि तो स्वतःच खजील झाला आहे. असे काही ऐकले की कोल्ह्याचा जीव वरखाली होई, पण गिऱ्हाइके काही कमी झाली नाहीत. उलट, आज पोपट काय सांगणार म्हणून ती लवकर येऊन बसत.

एका सकाळी दाट धुके पडले. टपरी भरलेली होती, अनंतमुळाचे मडके चुलीवर होते आणि सगळ्यांच्या माना जांभळीकडे वळल्या. पोपट पंख झटकत खाली आला.

“आज धुकं होतं,” तो म्हणाला. “मला काही दिसलं नाही. तेव्हा आज माझ्याकडं सांगायला काही नाही.”

कोल्ह्याने त्याच्याकडे पाहिले. रागावतो की काय, असे सशाला वाटले. पण कोल्ह्याने कुणीही न सांगता ते मडके चुलीवरून उतरवले, बाजूला झाकून ठेवले आणि गवती चहाची पाती कापायला घेतली. कासवआजीने पहिला द्रोण घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग तिने आपल्याजवळचा पेरू पोपटापुढे सरकवला. पोपटाने तो त्या दिवशी बियांसकट खाल्ला.

तात्पर्य : काल खरी असलेली गोष्ट आज खरी आहे की नाही, हे आजच जाऊन पाहावे लागते, आणि जंगलाचे खाणाऱ्याने जंगलाकडे बघण्याचे काम दुसऱ्यावर सोडू नये.