मेण्याचा भोई आणि दरबारी गिटारवादक

विषय : मेण्याच्या म्हाताऱ्या भोयास दरबारी संगीतगुरू नेमण्याबाबत.
संदर्भ : दरबारी गिटारवादकाचा अर्ज.

फार पूर्वी, जेव्हा अर्ज ताडपत्रावर लिहिले जात आणि तरीही हरवत, तेव्हा एका राज्यात एक गिटारवादक होता. राणीसाहेब गात, तो साथ करी. त्याला शंभर कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरमेळ, येत. पण एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना तो तारा दाबणारी चारही बोटे उचलून हात पार दुसऱ्या टोकाला नेई. तेवढ्यात गाणे खड्ड्यात पडे. शिवाय तारा छेडण्याचा ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. प्रधानजींना तो फार आवडे. त्यांना बसल्या बसल्या झोप लागे.

"बुवा," राणीसाहेब एकदा म्हणाल्या, "मी गाते आहे की धक्के खाते आहे, तेच कळत नाही. दसऱ्यापर्यंत सुधारा, नाहीतर आम्ही दुसरा वादक पाहू."

वादक हादरला. दुसऱ्या दिवशी राणीसाहेबांच्या मेण्यामागून घाट चढताना त्याने पाहिले, की चार भोयांनी खांदे बदलले, पण मेण्यातल्या तांब्यातले पाणी हलले नाही.

"हे कसं जमतं?" त्याने म्हाताऱ्या भोयाला विचारले.

"त्यात काय, बुवा? चौघांनी एकदम खांदा काढला तर राणीसाहेब रस्त्यावर! एकानं हलायचं, तिघांनी धरून ठेवायचं. आन् हलायचं तेबी जवळच्या जवळ. लांब उडी मारून दाखवायची कुणाला?"

"आणि पावलं?"

"चढाला बारीक, सपाटीला लांब, वढ्याशी जरा थांबायचं. दिवसभर एकच चाल धरली तर आमीच पेंगू."

"माझी बोटंही चारच आहेत," वादक पुटपुटला.

"मग त्यास्नी भोई समजा की!"

वादकाने तसे समजून सराव केला. जे बोट पुढच्या कॉर्डलाही लागणार, ते त्याने जागचे हलवले नाही. बाकीची शेजारच्या स्वरावर सरकवली. ठेका कुठे दाट केला, कुठे विरळ, आणि राणीसाहेब श्वास घेत तिथे हात थांबवला.

दसऱ्याला राणीसाहेब गायल्या. शंभरातल्या चारच कॉर्ड लागल्या. गाणे संपले तेव्हा प्रधानजी चक्क जागे होते.

"आज वाटेत एकही खड्डा नव्हता," राणीसाहेब समाधानाने म्हणाल्या. वादकाची नोकरी राहिली.

तात्पर्य : बदलताना गरजेपुरतेच हलावे, आणि उरलेल्यांनी गाणे धरून ठेवावे.

मग वादकाने वरील अर्ज केला. कार्यालयाने विचारले, सदर इसम कोणते वाद्य वाजवतो? वादकाने कळवले, मेणा. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.