पांढऱ्या पडलेल्या कर्णफुलांची गोष्ट

पूर्वी गोदावरीच्या काठी वरुणवती नावाच्या नगरात धनुसेन राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व एका गंध्याच्या घरी जन्मले. गंधी म्हणजे अत्तरं, तेलं, उटणी विकणारा. मोठे झाल्यावर त्यांनी वडिलांचं दुकान चालवायला घेतलं. वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कचोरा, सगळं ते हाताने निवडत आणि कुटताना शेजारच्या बायका काय काय विचारत, त्याची उत्तरं देत. त्यांना स्वतःलाही चौकशीची हौस होती. नागरमोथा कुठल्या ओढ्याकाठचा, हळद कुणाच्या शेतातली, हे विचारल्याशिवाय ते माल घेत नसत.

एका उन्हाळ्यात पश्चिमेकडून एक व्यापाऱ्यांचा तांडा आला. त्यातल्या एकाने लाखेने तोंड बंद केलेली मातीची लहान लहान भांडी दाखवली. आत पांढरा, मऊ लेप होता. नाव चंद्रलेप. पंधरवडाभर लावला की सावळा चेहरा चांदण्यासारखा होतो, असं तो म्हणाला.

"यात काय काय आहे?" बोधिसत्त्वांनी विचारलं.

"घराण्याचं गुपित आहे, शेट."

आणि नवल असं, की नागरमोथ्याचं गाव विचारणाऱ्या बोधिसत्त्वांनी या वेळी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बोधिसत्त्व असले तरी अजून बुद्ध व्हायचे होते.

लेप भराभर गेला. पुढल्या तांड्याबरोबर आणखी भांडी आली. वरुणवतीच्या बायका एकमेकींना कोपऱ्यात घेऊन विचारू लागल्या, "तू लावतेस का गं?" आणि लावणारी प्रत्येक जण म्हणे, "छे बाई! मी नुसतं दूध चोळते."

बोधिसत्त्वांच्या घराला लागून उत्पला नावाची विधवा बाई राहायची. तिची एकुलती एक लेक श्यामा. श्यामाचं लग्न नदीपलीकडच्या एका खात्यापित्या घरात ठरत होतं. मुलाची आई जयसेना मुलगी पाहायला आली, तेव्हा श्यामा महिनाभर चंद्रलेप लावत होती. जयसेनेने तिची हनुवटी उचलून पाहिली आणि म्हणाली, "अगदी शेवंतीचं फूल!" त्या दिवसापासून उत्पलेने लेप दुप्पट केला.

लग्न दहा-बारा दिवसांवर आलं होतं. एके सकाळी सोनारआळीत एकच गलका उठला. आता गलका झाला की शेजाऱ्याला घरात बसवतं का? बोधिसत्त्वही गेले.

उत्पला सोनाराच्या ओट्यासमोर उभी होती. हातात लेकीची कर्णफुलं. "बघा हो सगळ्यांनी! या तिष्य सोनाराने माझ्या पोरीला सोन्याच्या नावाखाली कथील घातलं!"

कर्णफुलं खरंच पांढरी पडली होती, जुन्या चांदीसारखी.

"वहिनी, तोंड आवरा," तिष्य म्हणाला. "सात पिढ्या सोनं घडवतोय आम्ही."

"म्हणूनच हात सराईत झाला असेल!"

लोक हसले. तिष्य नाही हसला. त्याने एक कर्णफूल घेऊन नखाने खरवडलं आणि डोळ्याजवळ नेलं. मग तोंडाला फडकं बांधलं, गर्दीला वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला सारलं आणि ते फूल निखाऱ्यावर धरलं. थोड्या वेळाने त्याने ते चिमट्याने उचललं. वरचं पांढरं उडून गेलं होतं, आतून पिवळं सोनं निघालं होतं.

"पारा आहे हा," तो म्हणाला. "तांब्याला सोन्याचा मुलामा द्यायला आम्ही तो वापरतो. सोन्याला लागला की ते असं पांढरं होतं. पण तुमच्या पोरीच्या कानात पारा आला कुठून?"

 उत्पला तोंडातल्या तोंडात पुटपुटत कर्णफुलं घेऊन निघाली. बोधिसत्त्व मात्र तिथेच रेंगाळले. त्यांच्या डोक्यात तो प्रश्न अडकला होता. पारा कुठून आला? विहिरीतून? कल्हईच्या भांड्यातून?

"तिष्या, पारा माणसाला लागला तर?"

"माझे वडील जन्मभर मुलाम्याचं काम करायचे. आधी हात थरथरायला लागले. मग हिरड्या सुजल्या. तापटपणा इतका वाढला, की आईने ताट ठेवलं तरी ओरडायचे. शेवटी घास तोंडापर्यंत जाईना."

बोधिसत्त्व घरी आले ते सरळ उत्पलेच्या दारात गेले. श्यामा लग्नासाठी शेला भरत बसली होती. सुईत दोरा ओवायचा प्रयत्न चालला होता. दोरा नेढ्याच्या या बाजूने जाई, त्या बाजूने जाई, आत काही जाईना. तिने सुई फेकली आणि रडू लागली.

"लग्नाची धास्ती हो, भावोजी," उत्पला म्हणाली. "जेवत नाही. हिरड्यांतून रक्त येतं. कुणाची तरी दृष्ट लागलीय."

"श्यामा, कानाजवळ काय काय लावतेस?"

"काही नाही, काका. तुमचा लेपच तेवढा."

बोधिसत्त्व परतले. दुकानातून चंद्रलेपाचं एक भांडं काढलं, बोटातली सोन्याची अंगठी काढून त्या लेपात पुरली आणि गिऱ्हाइकांशी बोलत बसले. चित्त काही बोलण्यात नव्हतं. संध्याकाळी त्यांनी अंगठी काढून पुसली. ती पांढरी झाली होती.

त्यांच्या पत्नीने अंगठी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ओळखलं. "बोलणार आहात का?"

"बोलायला हवं."

"मग ऐका. अख्ख्या नगराने तो लेप तुमच्याकडून घेतलाय. आता तुम्हीच वाईट म्हणालात तर उद्या चंदन विकायला बसलात तरी लोक विचारतील, यात काय घातलंय. नुसतं विकणं थांबवा की! कारण कशाला सांगायचं?"

"न सांगता थांबवलं तर घराघरात उरलेला लेप कोण थांबवणार? शेजारचं पोर अजून लावतंय."

 पत्नी म्हणाली, "आधी तिच्याकडे जा. बाकीचं मागून."

पण श्यामा ऐकेना. तिने भांडं छातीशी धरलं. "गंधीकाका, सासूबाईंनी मला गोरी पाहिलीय. लेप सोडला तर मांडवात जाईपर्यंत मी पुन्हा सावळी होईन. मांडवातून परत पाठवलं तर आईने कुठे तोंड लपवायचं?"

उत्पलाही उसळली. "तुम्हीच विकलात ना? आता आमच्या लग्नाच्या तोंडावर विष म्हणता? दृष्ट लागली तर लिंबू उतरवते मी. लेप बंद व्हायचा नाही!"

बोधिसत्त्व उंबऱ्यावर बसले. "वहिनी, विकला मीच. म्हणून सांगायचा भारही माझाच. श्यामा, तिष्याच्या वडिलांना घास तोंडात घालता येत नव्हता गं. तुझे हात आत्ताच थरथरतात. तू आज तोंड धू. मांडवात कुणी रंगाबद्दल काही म्हणालं, तर उत्तर तू द्यायचं नाही, आईने द्यायचं नाही. मी देईन."

"आणि त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तर मांडवातून तुझ्याबरोबर मीही परत येईन, सगळ्यांच्या देखत."

श्यामाने भांडं उंबऱ्याजवळ ठेवलं. मग परसात गेली. घंगाळात पाणी ओतल्याचा आवाज आला.

बोधिसत्त्वांनी दुकानातली सगळी भांडी बाहेर काढली. आता ती टाकायची कुठे? नदीत ओतावी तर मासे मरतील आणि खालच्या गावांचं पाणी बिघडेल. जमिनीत पुरावी तर कधीतरी विहिरीत उतरेल. फार विचार करून त्यांनी प्रत्येक भांड्याचं तोंड पुन्हा लाखेने बंद केलं, तिष्याला सोबत घेतलं आणि डोंगरातल्या एका कोरड्या खडकाच्या कपारीत ती रचून वर शिळा लोटली.

मग ते घरोघर गेले. काही बायकांनी लेप आणून दिला. काहींनी दार लावून घेतलं. एकजण म्हणाली, "भाव वाढवायची युक्ती दिसतेय!" बोधिसत्त्वांनी प्रत्येकीला पांढरी अंगठी दाखवली आणि पुढच्या दाराशी गेले. दुकानाचं म्हणाल तर गिऱ्हाईक तुटलंच. पत्नीचा शब्द खरा ठरला.

लग्नाचा दिवस आला. श्यामा हळदीच्या अंगाने मांडवात आली तेव्हा चेहरा तिच्या जन्माच्या रंगावर परतला होता. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. जयसेना पुढे आली. तिचा चेहरा कसा लख्ख होता, गळ्यापासून वर पौर्णिमा!

"ही ती मुलगी नव्हे," ती म्हणाली. "आम्ही शेवंती पाहिली होती. आम्हाला फसवलं."

 बोधिसत्त्व उठले.

"फसवलं मी, माई. मुलगी तीच आहे. तो रंग माझ्या दुकानातला होता. त्यात पारा होता. त्याने हिचे हात थरथरू लागले, हिरड्या सुजल्या. मीच सांगून तो सोडायला लावला."



"पारा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?" जयसेनेने विचारलं.

"नव्हतं. एकदा विचारलं, उत्तर मिळालं नाही. पुन्हा विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"खप चांगला होता."

इतक्या माणसांत असं उत्तर कुणी दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं.  जयसेना हळूच म्हणाली, "हात थरथरतात म्हणालात? आणि झोप?"

"झोपही जाते. विनाकारण राग येतो."

जयसेनेचा मुलगा आईकडे बघू लागला. तिने मंगलकलशाशेजारच्या तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं. तांब्या धरताना तिचा हात थरथरला आणि पाणी जमिनीवर सांडलं, ते सगळ्यांनी पाहिलं. मग तिने सगळ्या वऱ्हाडासमोर आपला गाल पुसला. पदराला पांढरा लेप आला आणि त्याखाली थोडा फिकटलेला, तरी श्यामासारखाच सावळा गाल निघाला. एका बाजूला पौर्णिमा, एका बाजूला माणूस.

कुणी हसलं नाही. श्यामा उठली, सासूच्या हातातला पदर घेतला, पुन्हा पाण्यात बुडवला आणि दुसरा गाल पुसला.

"अंतरपाट धरा," जयसेना म्हणाली. "मुहूर्त टळतोय."

धनुसेन राजाच्या कानावर ही हकिकत गेली तेव्हा त्याने दवंडी पिटवली, की आपल्या मालात काय आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याने वरुणवतीत तो माल विकू नये. आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर रागावू नये.

आपल्या रंगाची लाज वाटून तोंड झाकून विहारात येणाऱ्या एका तरुण उपासिकेला ही गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "त्या जन्मीची श्यामा तूच होतीस, बाळ. उत्पला म्हणजे तुझ्या शेजारी बसलेली तुझी मावशी. जयसेना आज भिक्खुणीसंघात आहे आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडते. तिष्य सोनार म्हणजे दाराशी उभा असलेला हा भिक्खू. तो आजही भिक्षेत काय आलं ते निरखून पाहतो. गंध्याची पत्नी म्हणजे माझ्या मुलाची आई, राहुलमाता. आणि विचारायचं विसरलेला, पण सांगायचं न विसरलेला तो गंधी म्हणजे मी."

दुसऱ्याच्या देहाला आपल्यामुळे इजा होते आहे हे कळल्यावर आपलं नुकसान सोसूनही जे तोंडातून निघतं, त्याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.